फिल्मवरचे डाग, मालवणचं पाणी
निगेटिव्हवर पारदर्शक गोल ठिपका दिसला, तर तो हवेचा बुडबुडा: तिथे डेव्हलपर पोचलाच नाही. प्रिंटवर तो काळा उमटतो. डेव्हलपर ओतताच टाकी ओट्यावर हलकेच दोन-तीनदा आपटावी, बुडबुडे सुटतात.

सुकल्यावरचे पांढुरके ओघळ मात्र पाण्यातल्या क्षारांचे. मालवणात किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. म्हणून शेवटचं विसळणं डिस्टिल्ड पाण्यातच, 200 भागांना 1 भाग फोटो-फ्लो (पाणी फिल्मवर सारखं पसरवणारं द्रावण) घालून. हात सैल सोडला, तर त्याचाच थर बसतो.

मे महिन्यात डेव्हलपर 20 अंशांवर आणायला बर्फ लागतो. मग धुण्याचं पाणी एकदम 30 अंशांचं नको, जिलेटिन सुरकुतू शकतं. फिल्म पंख्याखाली टांगू नये, धूळ चिकटते, न्हाणीघर बरं. पावसाळ्यात पुरती सुकल्याशिवाय पाकिटात घालू नये. बुरशी इथे फार तत्पर!