पंजाबी स्वयंपाक : घरचा आणि हॉटेलचा

ताटात नेमके काय?

• माँ दी दाल : अख्खे काळे उडीद मंद आचेवर शिजवून वर कांदा, आले-लसूण, टोमॅटोची फोडणी. लोणी आणि क्रीम घातलेली दाल मखनी हा हॉटेलचा अवतार.

• सरसों दा साग : हिवाळ्यातला पदार्थ. मोहरीचा पाला जास्त. पालक आणि चाकवत कमी. शिजल्यावर रवीने घोटतात. दाटपणा येतो मूठभर मक्याच्या पिठाने.

• मक्के दी रोटी : मक्यात गव्हासारखे ग्लुटेन नसते. त्यामुळे पीठ कोमट पाण्यात मळून रोटी हातावर थापतात.

• राजमा : 8 तास भिजवावा, पाणी टाकून द्यावे, मग कुकरमध्ये मऊ शिजवावा. कच्च्या राजम्यातील लेक्टिन पोटाला बाधते.

• कढी पकोडा : बेसन जास्त आणि उकळी दीर्घ, म्हणून मराठी कढीपेक्षा दाट. पकोडे अप्पेपात्रात केल्यास तेल वाचते.

• रोटी की नान : रोटी कणकेची, नान सहसा मैद्याचा.

तेल-तुपाचा हिशेब

• 1 ग्रॅम स्निग्ध पदार्थ = 9 कॅलरी; प्रथिने व कर्बोदके प्रत्येकी 4.

• 1 छोटा चमचा (5 मिली) तेल = सुमारे 40 कॅलरी.