लाइट गेली की रेकॉर्डिंग सुरू

घरी गिटार रेकॉर्ड करायची म्हटलं की लोक आधी माइकची किंमत विचारतात. मी आधी शांतता शोधते. आमचं घर बुऱ्हाणपूरच्या लालबागेत. जवळच रेल्वे स्टेशन, गल्लीत यंत्रमागांची खडखड, आणि उन्हाळ्यात पंख्याशिवाय बसवत नाही. म्हणून मी बॅटरीवर चालणारा छोटा मल्टिट्रॅक रेकॉर्डर वापरते. लाइट गेली की माग थांबतात, पंखा थांबतो आणि आमचं काम सुरू!

मल्टिट्रॅक म्हणजे एकाच गाण्यातले आवाज वेगवेगळे घेऊन मग एकत्र करणं. टॅस्कॅमने १९७९ साली कॅसेटवर चार ट्रॅक घेणारा पोर्टास्टुडिओ आणला. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम अशाच यंत्रावर घरी रेकॉर्ड झाला.

मला आजीच्या जात्यावरच्या ओव्यांना गिटारची साथ द्यायची होती. आजीला आता दम लागतो, पुन्हा पुन्हा गा म्हणता येत नाही. गिटार मात्र मी दहादा वाजवू शकते. म्हणून पहिल्या ट्रॅकवर फक्त आजी. मग हेडफोन लावून, तिची लय धरून गिटार. स्पीकरवर ऐकत वाजवलं, तर आजीचा आवाज गिटारच्या ट्रॅकमध्येही शिरतो.

माइक गिटारच्या भोकासमोर नको, तिथे आवाज घुमतो. बाराव्या फ्रेटसमोर, साधारण वीतभर अंतरावर ठेवा. आपल्या पाठीमागच्या भिंतीला गादी टेकवा. सगळ्यात जोरात वाजवून बघा आणि लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. आवाज एकदा फाटला की फाटला.

आता लाइट जाण्याची वाट का बघायची? आपली वीज ५० हर्ट्झची, गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ८२ हर्ट्झची. त्यामुळे ‘लो-कट’ लावून खालची गुणगुण कापता येते. पण तीच गुणगुण १०० हर्ट्झवरही असते आणि तिथे गिटारचे सूर आहेत. ती कापली तर सूरही जातात. शिवाय चारही ट्रॅकवर तेवढीच खरखर असेल, तर एकत्र केल्यावर ती सहा डेसिबलने वाढते.

झालं की फाइल त्याच रात्री दुसरीकडे कॉपी करा. सुट्टीत घरी गेलात, तर गिटारच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज घ्या. काही अडलं, तर मंडळाच्या बैठकीत मला विचारा.