सवय, आवड, नेम आणि नाइलाज : सराईत प्रवाशांचा अभ्यास करण्याआधी

पेट झाली, मुलाखतीची तारीख आली, आता आराखड्यात विषय काय टाकायचा, या टप्प्यावर तुमच्यापैकी बरेच जण असतील. अशा वेळी एक ठरलेला साचा हाताशी येतो : ‘अमुक तालुक्यातील अमुक लोकांच्या सवयी व आवडीनिवडींचा अभ्यास’. विषय सोपा वाटतो. प्रश्नावली करायची, शंभर जणांकडून भरून घ्यायची, टक्केवारी काढायची, की प्रबंध तयार.

पण या शीर्षकातले ‘सवय’ आणि ‘आवड’ हे दोन शब्द दिसतात तितके साधे नाहीत. ते नीट वेगळे केले नाहीत तर आकडे बरोबर येऊनही निष्कर्ष चुकीचा निघतो. आणि काही विषयांत असा चुकीचा निष्कर्ष माणसांना महागात पडतो. कसा, ते आज बघू. उदाहरण प्रवासाचं घेऊ, कारण वारंवार प्रवास करणाऱ्या माणसांच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात आणि त्या डोळ्यांना दिसतात.

आधी समुद्रावरचे सराईत

क्रूझ म्हणजे काही दिवस चालणारं तरंगतं हॉटेल. आपल्याकडे 2018 मध्ये ‘आंग्रिया’ ही बोट मुंबई–गोवा सुरू झाली, पुढे 2021 मध्ये कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ मुंबईहून निघू लागली. परदेशात मात्र वर्षातून दोन-तीनदा क्रूझ करणारे लोक आहेत आणि पर्यटनाच्या अभ्यासात त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय.

त्यांच्या काही सवयी पाहा. ते जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागतात. बोट सुटायच्या आदल्या दिवशीच बंदराच्या गावी मुक्कामाला येतात. मोठ्या बॅगा आधी सोपवतात, पण औषधं आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत ठेवतात. सोबत चुंबकाचे हूक नेतात. बोट बंदराला लागली की नवखे उतरतात, जुने खुशाल बोटीवरच थांबतात.

नुसती यादी म्हणून हे गमतीशीर आहे. संशोधन सुरू होतं ते ‘का’ विचारल्यावर. जहाज लाटांवर सी-सॉसारखं झुलतं, म्हणून टोकांपेक्षा मध्यावर आणि वरपेक्षा खाली हेलकावे कमी बसतात. बोट उशिरा येणाऱ्यासाठी थांबत नाही, म्हणून एक दिवस आधी यायचं. सामान खोलीत पोचायला काही तास लागतात, म्हणून वेगळी पिशवी. खोल्यांच्या भिंती बहुधा पोलादी पत्र्याच्या, त्यांना चुंबक चिकटतो. आणि गर्दी उतरून गेली की पोहण्याचा तलाव मोकळा मिळतो.

म्हणजे प्रत्येक सवयीच्या मागे एक परिस्थिती आहे. सराईत माणूस त्या परिस्थितीशी जुळवून घेतो, हे पहिलं सूत्र. तरी इथं ‘आवड’ हा शब्द वापरायला हरकत नाही. कारण या प्रवाशाच्या खिशात पैसे आहेत, समोर दुसरे पर्याय आहेत आणि पुढच्या वर्षी नाही गेला तरी त्याचं काही अडत नाही.

आता युसूफ वडगावला या

केज तालुक्यातलं हे गाव. समुद्राशी दूरदूरचा संबंध नाही. पण सराईत प्रवासी हवेत ना? या पट्ट्यातल्या गावागावांत दोन प्रकारचे आहेत. एक पंढरीचे वारकरी, दुसरे ऊसतोड कामगार. दोघंही दरवर्षी ठरल्या वेळी निघतात, ठरलेल्या माणसांबरोबर राहतात आणि महिनोन्‌महिने किंवा आठवडेच्या आठवडे फिरत्या वस्तीत संसार मांडतात.

वारकऱ्याकडे पाहा. या भागातून शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाई, कळंब अशी पुढे जाते. दिंडी म्हणजे चालतं गावच. मोठं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये, अंगावर फक्त पिशवी आणि पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद. जेवणाची भिशी आधीच भरलेली. जुना वारकरी पहाटे दोन-तीनलाच उठून टँकरवर अंघोळ उरकतो, कारण नंतर रांग लागते. चालण्याचा क्रमही ठरलेला : पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, मागे तुळस घेतलेल्या बायका.

वरवर पाहता क्रूझवाल्याशी किती साम्य आहे! सामान आधी सोपवणं, गर्दीच्या आधी उरकणं. पण वारकऱ्याला ‘तुम्हाला वारी आवडते का’ विचारून पाहा. प्रश्न ऐकूनच तो बुचकळ्यात पडेल. तो ‘आवड’ म्हणत नाही, ‘सवय’ही म्हणत नाही. तो म्हणतो ‘नेम आहे’. नेम म्हणजे स्वतःहून घेतलेलं बंधन. मन नसतानाही पाळायचं, पाय दुखले तरी पाळायचं. परभाषेतल्या तयार प्रश्नावलीत ‘आवड’ आणि ‘सवय’ असे दोनच रकाने असले तर नेम कुठं टाकणार? म्हणून लक्षात ठेवा : ज्यांचा अभ्यास करताय त्यांचा शब्द आधी ऐका, रकाने नंतर आखा.

वारीवर काम करायचं असेल तर इरावती कर्वे यांचं लेखन जरूर वाचा. त्या स्वतः दिंडीत चालल्या. एकत्र भजन म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे त्यांनी टिपलं. ‘कुणाबरोबर जेवता’ ही वरकरणी रोजची सवय, पण तिच्यात समाजाची अख्खी रचना दिसते. दि. बा. मोकाशींचं ‘पालखी’ हे 1964 चं पुस्तकही वाचा. कागदावर प्रश्न न छापता निरीक्षण कसं करतात, ते त्यातून शिकता येतं.

तिसरा प्रवासी

आता ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, उन्हाळा लागल्यावर परततात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून आधीच ‘उचल’ घेतलेली असते आणि ती अंगमेहनतीनं फेडायची असते. कामावर न गेल्यास ‘खाडा’ पडतो, म्हणजे पैसे कापले जातात.

इथंही सराईतपणा आहेच. घरून ज्वारी-बाजरी, चटणी, येसूर बांधून न्यायचा. बायकांनी अंधारातच उठून भाकरी थापायच्या आणि मग फडात जायचं. उसाचं वाढं विकून चार पैसे जोडायचे. आणि एक सवय अशी की बायका फडात पाणी कमी पितात.

इथं थांबा. समजा, तुमच्या प्रश्नावलीत प्रश्न आहे : ‘दिवसातून किती वेळा पाणी पिता?’ उत्तर येतं, दोनदा. तुम्ही तक्ता करता, ‘कामगार महिलांमध्ये कमी पाणी पिण्याची सवय आढळते’ असं लिहिता आणि शिफारशींत टाकता, ‘आरोग्यविषयक जनजागृती करावी’. आकडा खरा, वाक्य खोटं. फडात आणि कोप्यांजवळ शौचालय नसतं, आडोसा नसतो, म्हणून ती बाई पाणी टाळते. पाणी प्यायला हवं हे तिला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. तिला गरज शौचालयाची आहे आणि तुमचा प्रबंध तिला उपदेश देतोय.

तत्त्वज्ञानात याला काय म्हणतात?

अर्थशास्त्रात एक जुना विचार आहे. पॉल सॅम्युअलसन यांनी 1938 मध्ये मांडलं की माणसाला काय आवडतं हे त्याला विचारू नका, तो काय निवडतो ते पाहा. निवडीतून पसंती प्रकट होते. क्रूझच्या खोलीला हा नियम बऱ्यापैकी लागू पडतो. फडातल्या पाण्याला लागू पडत नाही, कारण निवडायला दुसरं काही असावं लागतं.

यॉन एल्स्टर या विचारवंताने 1983 मध्ये यावर एक पुस्तकच लिहिलं. त्याच्या नावात आपल्या ओळखीचा कोल्हा आहे, द्राक्षं आंबट म्हणणारा. जे मिळणारच नाही ते नकोच होतं, असं मन हळूहळू मानू लागतं. याला म्हणतात परिस्थितीशी जुळवून घेतलेली पसंती. अमर्त्य सेन आणि मार्था नुसबॉम यांनीही हाच धोका दाखवला : वर्षानुवर्षं वंचित राहिलेला माणूस ‘आमचं बरं चाललंय’ म्हणतो, तेव्हा ते वाक्य समाधानाचा पुरावा म्हणून धरायचं नसतं.

आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा पुस्तकापुरता राहिलेला नाही. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. म्हणजे शंभरात जवळपास 17. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2015–16) देशाचं प्रमाण सुमारे 3 टक्के होतं. दोन्ही पाहण्यांतले वयोगट सारखे नाहीत, त्यामुळे थेट भागाकार करू नका, पण तफावत मोठी आहे हे उघड आहे.

यातल्या प्रत्येक बाईच्या कागदावर संमतीची सही किंवा अंगठा असेल. ‘महिलांनी स्वतः शस्त्रक्रियेला पसंती दिली’ असं वाक्य त्यावरून लिहिता येईल. पण पाळीच्या चार दिवसांत खाडा परवडत नाही, दुखणं अंगावर काढायला जागा नाही, वारंवार दवाखान्यात जायला पैसा नाही आणि शंका घालून भीती दाखवणारं कुणी भेटलं, तर त्या ‘पसंती’ला पसंती म्हणायचं का? तुम्ही कोणता शब्द लिहिता, यावर दोष कुणाकडे जाणार ते ठरतं.

मग आराखड्यात काय करायचं?

पहिली गोष्ट, प्रत्येक सवयीसाठी तीन रकाने करा. काय करतात? कारण काय सांगतात? आणि तसं नाही केलं तर काय होतं? तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. क्रूझवाल्याने मधली खोली घेतली नाही तर त्याला थोडं मळमळेल. वारकऱ्याने वारी चुकवली तर मनाला रुखरुख लागेल. कोयत्यातल्या बाईने एक दिवस दांडी मारली तर पैसे कापले जातील, उचल फिटायला लांबेल. तिसऱ्या रकान्यातली किंमत जसजशी वाढते तसतशी ‘आवड’ संपते आणि ‘नाइलाज’ सुरू होतो.

दुसरी, ‘तुम्हाला काय आवडतं’ असं विचारू नका. ‘मागच्या हंगामात पहिल्या दिवशी पोचल्यावर काय काय केलं?’ असं विचारा. माणूस आवड सांगताना समोरच्याला बरं वाटेल ते बोलतो, घडलेला दिवस सांगताना मात्र तपशील देतो.

तिसरी, कुठं आणि कुणासमोर विचारता ते लिहून ठेवा. मुकादम शेजारी उभा असताना मिळालेलं उत्तर हे मुकादमासमोरचं उत्तर असतं. मुलाखती पावसाळ्यात, गावात, घरी घेतलेल्या बऱ्या. हिवाळ्यात गावात गेलात तर म्हातारी माणसं आणि शिकणारी पोरंच भेटतील आणि तुमच्या नमुन्यातून नेमका अभ्यासाचा माणूस गायब असेल. आषाढात गेलात तर वारकरी सापडणार नाही. गावाचं कॅलेंडर आधी समजून घ्या, मग नमुना ठरवा.

चौथी, जे आता जात नाहीत त्यांना शोधा. सराईत म्हणजे जे टिकले ते. टिकलेल्यांनाच विचारलं तर प्रवास झेपतो, असंच उत्तर येणार. ज्याची कंबर गेली, जिने आजारपणामुळे कोयता सोडला, ज्याला वारी झेपेनाशी झाली, त्यांच्याकडे उरलेली अर्धी माहिती आहे. ‘सोडलेले’ असा वेगळा गट आराखड्यातच ठेवा. मार्गदर्शक विचारतील, तेव्हा कारणही सांगता येईल.

आणि पाचवी, शिफारशी लिहिण्याआधी स्वतःलाच एक प्रश्न विचारा : मी माणसाला बदलायला सांगतोय की परिस्थितीला? सवय नाइलाजातून आली असेल तर जनजागृतीने ती जात नाही. शौचालय, पाणी, खाड्याचा नियम, दवाखाना, या गोष्टी बदलल्या की ती आपोआप सुटते.

आज एक काम करा. तुमचा आराखडा उघडा आणि त्यात जिथं जिथं ‘आवड’, ‘पसंती’, ‘सवय’ हे शब्द आलेत त्यांच्याखाली रेघ मारा. प्रत्येकाच्या शेजारी पेन्सिलने लिहा : आवड, सवय, नेम की नाइलाज? जिथं उत्तर सुचत नाही, तिथंच तुमचा खरा संशोधन-प्रश्न आहे.