ट्रक स्लोला बंद का पडतो? तर्क शिकवणारा एक पाठ

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, 'कार्यकारणभाव' हा शब्द फळ्यावर लिहून मुलांना कळत नाही. ट्रकचं उदाहरण देऊन बघा.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमध्ये हवा जोरात दाबली की ती तापते आणि नोझलमधून फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत असं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं.

आता समजा, गाडी स्लोला थरथरते आणि बंद पडते. स्लोला इंजिनाला डिझेल अगदी थोडं लागतं, त्यामुळे छोटासा हवेचा बुडबुडासुद्धा पुरतो. चांगला मिस्त्री लगेच पार्ट बदलत नाही, आधी प्रश्न विचारतो.

१. टाकीचं झाकण सैल केल्यावर गाडी नीट चालते का? चालली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलेलं आहे.
२. फिल्टरच्या तळाशी पाणी साचलंय का? असेल तर काढून टाकायचं.
३. धूर कसा आहे? काळा असेल तर एअर फिल्टर किंवा नोझल बघायचं. इंजिन तापल्यावरही पांढरा असेल तर डिझेल नीट जळत नाही.
४. हातपंप मारून एअर काढल्यावर गाडी चालते, पण पुन्हा बंद पडते? मग टाकी ते पंप या पाइपात कुठेतरी हवा शिरते आहे.

चौथा मुद्दा वर्गात करून दाखवता येतो. स्ट्रॉला टाचणीने वरच्या बाजूला भोक पाडा आणि पाणी ओढायला सांगा. भोकातून पाणी गळत नाही, उलट हवा आत येते! म्हणूनच अशा पाइपाखाली डिझेलचा थेंबही दिसत नाही आणि दोष सापडायला वेळ लागतो.

मुलांना एक नियम जरूर सांगा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर नेमकी कशाने दुरुस्ती झाली ते कळणार नाही.

आणि हे नुसतं कोडं नाही बरं का. चालत्या ट्रकचं इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, एअर ब्रेकची टाकी भरणंही थांबतं. घाटात हे जिवावर बेतू शकतं. मुलांनी प्रत्यक्ष इंजिनाला हात लावायचा नाही. नव्या गाड्यांत डिझेलचा दाब प्रचंड असतो.

तुमच्या वर्गात चालक किंवा मिस्त्री पालक असतील, तर हा पाठ त्यांनाच घ्यायला बोलवा. मुलं प्रश्न विचारतील, तेव्हा उत्तर देण्याआधी एकच विचारा, "तुला असं का वाटलं?"