फॉर्म न उघडता फॉर्म भरणं

ब्राउझरमध्ये आपण फॉर्म भरतो, 'सबमिट' दाबतो आणि माहिती सर्व्हरकडे जाते. हेच काम प्रोग्रामकडून करून घ्यायचं तर आधी बघू, बटण दाबल्यावर नेमकं जातं काय? साध्या फॉर्ममधून जातो तो निव्वळ मजकूर. रकान्याचं नाव, बरोबरचं चिन्ह, मग आपण भरलेली माहिती; आणि दोन रकान्यांच्या मध्ये '&'. चौकटी, रंग, बटणं मागेच राहतात.

आता समजा, दुकानाचं नाव आहे 'पाटील & सन्स'. ते जसंच्या तसं जोडून पाठवलं, तर सर्व्हरच्या लेखी नाव 'पाटील'पाशीच संपलं. 'सन्स' हा वेगळाच रकाना झाला. एरर येईलच असं नाही, हीच खरी पंचाईत! सर्व्हर '२००' म्हणतो, आपण खूश, आणि नोंदीत दुकान अर्धंच. '+' तर याहून छुपा. या पद्धतीत '+' म्हणजे मोकळी जागा, त्यामुळे मोबाईल नंबरातल्या '+९१'चा '+' वाटेतच गळतो.

म्हणून अशी चिन्हं सांकेतिक रूपात पाठवतात. '&'चं होतं %२६, '+'चं %२बी. आपल्या मराठीचं प्रकरण जरा लांबतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि सांकेतिक रूपात एकेका बाइटला ३ अक्षरं लागतात. 'पुणे' म्हणजे प, उकार, ण आणि एकमात्रा, अशी ४ चिन्हं. पाठवताना त्यांची ३६ अक्षरं होतात!

हे हाताने करत बसायचं नाही. पायथॉनमध्ये 'रिक्वेस्ट्स' लायब्ररी असेल, तर 'पोस्ट' करताना 'डेटा' म्हणून डिक्शनरी द्यायची. संकेत ती स्वतः लावते. तयार स्ट्रिंग दिली तर मात्र ती तशीच जाते, आणि हा फॉर्मचा मजकूर आहे असं सांगणारा हेडरही ती लावत नाही. दुसरी खोड म्हणजे संकेत दोनदा लावणं. आपण आधीच लावलेला असला, की लायब्ररी '%'चंही %२५ करते, आणि नोंदीत 'पुणे'च्या जागी टक्क्यांची रांग दिसते.

तेव्हा चाचणी घेताना 'टेस्ट १२३' पाठवू नका, त्यात काहीच बिघडत नाही. एकाच रकान्यात '&', '+' आणि एखादा मराठी शब्द घाला, आणि सर्व्हरवर साठलेली नोंद उघडून वाचा.