विजेवांचून चालणारा बिडे : निवड व जोडणी

घरांत पंखा घ्यावयाचा झाला तर गृहस्थ चार दुकानें हिंडतो, शेजाऱ्यास विचारतो, किंमतीची घासाघीस करतो. शौचालयांतील वस्तु घ्यावयाची झाली म्हणजे मात्र तोच गृहस्थ प्लंबरच्या हातीं किल्ली देऊन कचेरीस निघून जातो. या विषयावर चारचौघांत बोलूं नये असा संकेत आहे. त्यामुळें झालेली चूकहि कोणी कोणास सांगत नाहीं, आणि तीच चूक वरच्या बिऱ्हाडांत व खालच्या बिऱ्हाडांत पुन्हां होत राहते. परदेशी धाटणीच्या कमोडला जोडावयाच्या जलधारेच्या पट्टीसंबंधीं आज चार शब्द सांगावयाचे ते याच कारणासाठीं. ही पट्टी विजेवर चालत नाहीं, नळाच्या पाण्याच्या दाबावर चालते, आणि बाजारांत तिला ‘बिडे’ म्हणतात.

नांव फ्रेंच आहे व त्याचा मूळ अर्थ तट्टू. अठराव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समध्यें धुण्यासाठीं एक बुटकें, लांबट पात्र प्रचारांत आलें. त्यावर तट्टावर बसावें तसें बसावयाचें, म्हणून हें नांव पडलें. पुढें इटलीनें १९७५ सालीं नियम करून प्रत्येक घराच्या निदान एका स्नानगृहांत तें असलेंच पाहिजे असें ठरविलें. जपानांत १९८० सालीं विजेवर चालणारी, आपोआप धुणारी बैठक निघाली. अमेरिकेंत मात्र कागदाचेंच राज्य राहिलें. २०२० च्या साथींत दुकानांतील कागद संपला, तेव्हां तेथील पुष्कळ लोकांस पाण्याची आठवण झाली.

आपल्या लोकांस पाण्याचें महत्त्व कोणी शिकवावें लागलें नाहीं. अडचण आली ती कमोडमुळें. उकिडवें बसण्याच्या जुन्या पात्रावर उजव्या हातीं तांब्या घेतला कीं डावा हात सहज पोंचतो. कमोड हें कागद वापरणाऱ्या लोकांनीं आपल्या सोयीनें बनविलेलें आसन. त्यावर तांब्याला जागा नाहीं, हात नेण्यास पुरेशी फट नाहीं, आणि पाणी बैठकीवर सांडतें. तरुण मनुष्य अंग मुरडून कसेंबसें भागवितो. परंतु आपल्याकडे जुनें पात्र काढून कमोड बसविला जातो तो बहुधा तरुणासाठीं नसतो. आजोबांचे गुडघे धरले, आजीचें खुब्याचें हाड मोडलें, म्हणून तो येतो. आणि ज्याचे गुडघे धरले त्याचा खांदाहि पुष्कळदां धरलेला असतो. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर एकच हात कामाचा उरतो, व तो भिंतीवरील दांडी धरण्यांत गुंतलेला असतो. मग स्वच्छतेसाठीं मुलाला किंवा सुनेला हांक मारावी लागते. ती हांक मारण्याच्या संकोचानें कित्येक वृद्ध अन्नपाणी कमी करतात आणि बद्धकोष्ठ ओढवून घेतात. घरच्यांस वाटतें, वयामुळें भूक मंदावली.

भिंतीवर टांगलेला हाताचा फवारा, म्हणजे ‘हेल्थ फॉसेट’, आज शहरांतील बहुतेक घरांत आहे, व धडधाकट माणसास तो पुरे आहे. त्याचा खटका दाबण्यास बोटांत जोर लागतो आणि मनगट मागें वळवावें लागतें. संधिवाताच्या हातास या दोन्ही गोष्टी जमत नाहींत. दुसरा प्रकार ‘जेट’ : कमोडच्या मागील कांठावरून आंत वळविलेली बारीक नळी, जिची तोटी शेजारच्या भिंतीवर असते. तिसरा प्रकार प्रस्तुतच्या पट्टीचा. बैठक ज्या दोन बोल्टांनीं कमोडला आवळलेली असते तेच बोल्ट पट्टीच्या भोकांतून जातात, म्हणजे पट्टी बैठक व चिनी मातीचें पात्र यांच्यामध्यें बसते. मध्यभागीं एक किंवा दोन नळ्या असतात व बाजूस एक फिरकी. फिरकी फिरविली कीं पाण्याच्या दाबानें नळी पुढें सरकते व धार सुटते. पाणी बंद होतांच ती मागें जाते. हात मागें नेण्याचें कारणच उरत नाहीं.

हीं पाकिटें बहुधा परदेशी घर डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेलीं असतात, आणि घोटाळा होतो तो येथें. माहितीपत्रकांतील चित्र असें असतें कीं, फ्लशच्या टांकीस पाणी देणारी नळी सोडवावी, मध्यें ‘टी’ बसवावी, एक फांटा टांकीस व दुसरा पट्टीस न्यावा. ज्या देशांत घरांतील प्रत्येक नळास एकच, पिण्याजोगें पाणी येतें तेथें हें ठीक आहे. मुंबईंतील पुष्कळ इमारतींत फ्लशसाठीं गच्चीवर निराळी टांकी असते व तींत विंधनविहिरीचें किंवा टँकरचें पाणी भरतात. नव्या मोठ्या गृहसंकुलांत तर सांडपाण्यावर तेथल्या तेथें प्रक्रिया करून तेंच पाणी फ्लशला फिरवितात. पाण्याची काटकसर म्हणून ही योजना उत्तम. पण चित्राबरहुकूम ‘टी’ बसविणारा गृहस्थ तें पाणी आपल्या आईच्या अंगावर सोडीत असतो, याची त्यास कल्पनाहि नसते. स्त्रियांस मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा धोका पुरुषांहून अधिक, आणि मूळव्याधीच्या किंवा भेगेच्या जखमेस तर अशा पाण्याचा स्पर्शहि नको.

प्रक्रिया केलेलें पाणी दिसण्यांत स्वच्छ असूं शकतें; म्हणून पेल्यांत धरून पाहण्यावर भिस्त ठेवूं नये. सोसायटीच्या चिटणिसास स्पष्ट विचारावें, आणि त्याच्या परवानगीनें गच्चीवरील फ्लशच्या वाहिनीची तोटी पांच मिनिटें बंद करून घरांत पाहावें. फ्लशची टांकी भरेनाशी झाली आणि बेसिनचा नळ मात्र चालू राहिला, तर दोन वाहिन्या निराळ्या आहेत हें सिद्ध झालें. अशा घरांत पट्टीचें पाणी बेसिनच्या किंवा स्नानाच्या वाहिनीवरूनच घ्यावें. हेल्थ फॉसेटचा अँगल कॉक बहुतेक ठिकाणीं चांगल्या पाण्यावर असतो, परंतु तोहि याच कसोटीनें तपासून घ्यावा. प्लंबरनें जवळची नळी पाहून त्यासहि फ्लशचें पाणी दिलेलें असूं शकतें.

आणखी एक गोष्ट लहान गांवांस विशेष लागू आहे. जेथें नगरपालिकेचें पाणी ठराविक तासच येतें, तेथें पाणी गेल्यावर रस्त्यावरील नळ उलट ओढ घेऊं लागतो. पट्टी थेट त्या नळाशीं जोडली असेल तर कमोडमधील घाण पाण्यापर्यंत ती ओढ पोंचण्याची भीति असते. म्हणून पट्टीची जोडणी नेहमीं घरच्या टांकीवरून यावी, आणि तिच्यांत पाणी एकाच दिशेनें सोडणारी झडप असावी.

आतां दाबाविषयीं. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलोग्रॅम पडतो. गच्चीवरील टांकीचा तळ सर्वांत वरच्या बिऱ्हाडांतील कमोडपेक्षां जेमतेम तीन मीटर उंच असतो. तेथें दाब ०.३ किलोग्रॅमच्या आसपास. त्याच इमारतींत सात मजले खालीं, मजल्यास तीन मीटर धरले तर, तो दोनाच्या वर जातो. एकच पट्टी वरच्या घरीं ठिबकते आणि खालच्या घरीं बोंचते, याचें कारण हें. दुकानदार दोघांसहि एकच पाकीट देतो. वरच्या मजल्यावरील माणसानें आपल्या घरच्या हेल्थ फॉसेटची धार आधीं पाहावी. ती दुबळी असेल तर सरकत्या नळीच्या पट्टीच्या वाटेस जाऊं नये. नळी पुरती बाहेर येत नाहीं आणि पाणी पट्टीवरच गळतें. त्यापेक्षां जागच्या जागीं स्थिर असलेला साधा जेट बरा. खालच्या मजल्यावर उलट काळजी : अँगल कॉक अर्धामुर्धाच उघडावा, म्हणजे फिरकी पुरती फिरली तरी धार सौम्य राहील. जोराच्या धारेनें स्वच्छता अधिक होते ही समजूत चुकीची आहे. नाजूक त्वचेस तिनें इजाच होते.

आटे जुळण्याची गोष्ट बारीक, पण घरें भिजतात तीं तिच्यापायीं. आपल्याकडील अर्धा इंची नळाचे आटे ब्रिटिश मापाचे. त्यांत इंचास १४ आटे असतात. अमेरिकन अर्धा इंची मापांतहि इंचास १४ च, परंतु आट्यांचा कोन आपल्याकडे ५५ अंश व तिकडे ६० अंश, शिवाय व्यासांतहि थोडा फरक. परिणामीं पाकिटांतील ‘टी’ दोनतीन फेरे आंत जाते, बसल्यासारखी वाटते आणि मग अडते. प्लंबर तिला जोरानें आवळतो. प्लास्टिकला सूक्ष्म तडा जातो. पाणी मात्र महिन्यानें, तेंहि घरचीं माणसें गांवीं गेलीं असतां, खालच्या बिऱ्हाडाच्या छतांतून वाहूं लागतें. पाकिटांतील ‘टी’ बाजूस ठेवून स्थानिक दुकानांतून अर्धा इंची पितळी ‘टी’ किंवा दोन तोंडांचा अँगल कॉक आणावा. खर्च थोडा वाढतो, पण तो वाचवूं नये.

खरेदीपूर्वीं फूटपट्टी घेऊन कमोडपाशीं पांच मिनिटें बसावें. बैठकीच्या दोन बोल्टांमधील अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजावें व तें पट्टीच्या भोकांशीं ताडून पाहावें. बोल्टांच्या मागें-पुढें पट्टी टेकेल एवढी सपाट जागा आहे कीं नाहीं तेंहि पाहावें. कांहीं एकसंध कमोडांत मागचा भाग वर चढलेला असतो, तेथें पट्टी बसतच नाहीं. फिरकी कोणत्या बाजूस आहे हें सर्वांत महत्त्वाचें. बहुतेक पट्ट्यांत ती उजवीकडे असते. ज्याची उजवी बाजू लुळी पडली आहे त्याच्या उपयोगाची ती नाहीं. त्यास डाव्या फिरकीची शोधून आणावी, किंवा जेट बसवून त्याची तोटी डाव्या भिंतीवर घ्यावी.

जोडणीचें काम तासाभराचें. पाणी बंद करावें. बैठकीच्या बोल्टांखालील चाक्या हातानें सोडवाव्या. त्या प्लास्टिकच्या असतात व पकडीनें फुटतात. पट्टी ठेवून तिची नळी पात्राच्या बरोबर मध्यरेषेवर आणावी, बैठक वर ठेवावी व बोल्ट हातानेंच आवळावे. पट्टीच्या जाडीमुळें बैठक मागें किंचित् उचलली जाते व डुगडुगते. पुढील बाजूस रबराचे जाड तुकडे चिकटवून ती समतल करावी. हें न केल्यास वृद्ध माणूस एका अंगास कलतो. टेफ्लॉनची फीत जेथें आट्यांनींच पाणी अडवावयाचें असतें तेथें गुंडाळावी, आणि ती आवळण्याच्याच दिशेनें. ज्या लवचीक नळीच्या टोकाशीं रबराची चकती आहे तेथें पाणी अडविण्याचें काम चकती करते. तेथें फितीची जरूर नाहीं. हातानें घट्ट झाल्यावर पान्यानें पाव फेरा पुरे. नंतर प्रत्येक सांध्याखालीं कोरडें वर्तमानपत्र पसरून पाणी सावकाश सोडावें व अर्ध्या तासानें पाहावें. डोळ्यांस न दिसणारा थेंब कागद दाखवितो.

कित्येक पट्ट्यांस गरम पाण्याची दुसरी फिरकी असते. ती घेऊं नये. गीझरपासून कमोडपर्यंतच्या नळींत आधीं थंड पाणी येतें आणि मग एकाएकीं कढत; मधुमेहानें ज्यांची संवेदना मंदावली आहे त्यांस भाजल्याचें वेळेवर कळतहि नाहीं. विदर्भांत तर मे महिन्याच्या दुपारीं गच्चीवरील प्लास्टिकच्या टांकींतून फुकटच गरम पाणी येतें. त्या दिवसांत बसण्यापूर्वीं नळाचें पाणी हातावर घेऊन पाहावें.

विंधनविहिरीच्या जड पाण्यानें नळीच्या बारीक भोकांत क्षार सांचतात व धार वांकडी जाते. महिन्यांतून एकदां नळी पुढें ओढून तिच्या टोकास लिंबाच्या रसांत भिजविलेला कापूस बांधून ठेवावा व नंतर जुन्या मऊ दांतघाशीनें घासावी. परगांवीं जातांना अँगल कॉक बंद करून जावें. फिरकी बंद असली तरी तिच्यापर्यंतची नळी रात्रंदिवस दाबाखालीं असते.

पहिली चांचणी बैठकीवर कोणी नसतांना करूं नये. धार सरळ समोरच्या दारावर जाते आणि घरांत हंशा पिकतो. पट्टीसमोर तांब्या आडवा धरून फिरकी फिरवावी. मग आजोबांस कपड्यांनिशीं बैठकीवर बसवावें, पाणी मागून बंद ठेवावें, आणि त्यांचा हात फिरकीवर नेऊन तो चारसहा वेळां फिरवूं द्यावा. फिरकीवरील इंग्रजी अक्षरें त्यांस दिसणार नाहींत, कारण फिरकी मांडीच्या बाजूस, नजरेच्या खालीं असते. ‘बंद’ च्या जागीं नखांच्या रंगाचा एक जाड ठिपका द्यावा व तो वाळूं द्यावा, म्हणजे बोटास तो चांचपतां येतो.