करंजाड्याचा कौल कोण घेणार?

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी घर बांधणारा आणि त्यात नांदणारा हे दोघे एकच असत. आज घर बांधतो एक, त्यास परवानगी देतो दुसरा आणि ते विकत घेतो तिसरा. परंतु त्या घराच्या सांडपाण्याचा, वाहनांचा आणि पाणीटंचाईचा भार जो सोसतो तो शेजारी या तिघांपैकी कोणीच नसतो. वसलेल्या वस्तीत नवी घरे उभी करावयाची झाल्यास या शेजाऱ्यास विचारावयाचे की नाही, हा प्रश्न आम्हांस आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. त्यासाठी पनवेलच्या वेशीवरील, गाढी नदीकाठच्या करंजाड्याकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबईचा संकल्प सोडण्यात आला. तो संकल्प भव्य होता यात शंका नाही; परंतु ज्यांच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर तो उभा राहावयाचा होता, त्यांस कोणी विचारले नाही. त्या न विचारण्याची किंमत जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांच्या प्राणांनी चुकती झाली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढल्या गेलेल्या त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना जन्मास आली. करंजाड्याची आजची वसाहत बव्हंशी याच योजनेतील भूखंडांवर उभी आहे. म्हणजे या वस्तीच्या पायातच ‘आम्हांस विचारा’ ही मागणी पुरलेली आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

येथे एक हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे. साडेबारा टक्के म्हणून जी जमीन शेतकऱ्याच्या नावे मांडली जाते, तीतून पावणेचार टक्के सामाजिक सोयींसाठी वजा होतात. त्याच्या हाती प्रत्यक्षात पावणेनऊ टक्केच पडतात. शाळा, क्रीडांगण, मंडई, दवाखाना यांसाठी आपल्या वाट्यातील जवळजवळ एकतृतीयांश जमीन त्याने आधीच मोजून दिलेली आहे. पुढे त्रिपक्षीय करार होऊन भूखंड बांधकाम व्यावसायिकाकडे जातो, इमारत उभी राहते आणि सदनिका घेणारा नोकरदार याच सोयींचे मोल आपल्या कर्जाच्या हप्त्यांतून फेडू लागतो. एकाच क्रीडांगणाची किंमत दोघांनी दिली! मग त्या जागेचे काय झाले, आणि नव्या मजल्यांस पाणी कोठून येणार, असे दोघांनी विचारले तर त्यास अडवणूक कसे म्हणता येईल? पाण्यासाठी करंजाड्यातील रहिवाशांना वारंवार आवाज उठवावा लागला आहे, हे सर्वश्रुत आहे.

कायद्यात लोकांना विचारण्याची सोय नाही असे मात्र नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने प्रारूप विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागविणे बंधनकारक केले आहे. मंजूर आराखड्यात फेरबदल करावयाचा झाल्यास त्याचीही जाहीर सूचना द्यावी लागते. परंतु नवी मुंबईचा मूळ विकास आराखडा १९७९ मध्ये मंजूर झाला. त्या वेळी करंजाड्यातील आजचा सदनिकाधारक तेथे नव्हता, कदाचित जन्मासही आला नव्हता. शिवाय एखाद्या भूखंडावर इमारतीस परवानगी देताना शेजाऱ्यांस कळविण्याची पद्धत आपल्याकडे नाही. पत्र्याचे कुंपण उभे राहिले की मगच त्यांस बातमी लागते. इंग्लंडमध्ये बांधकामाचा अर्ज आला की शेजाऱ्यांस कळवून त्यांचे म्हणणे मागविले जाते, आणि तेवढ्यामुळे त्या देशातील घरबांधणी बंद पडलेली नाही.

लोकांना काय कळते, असा प्रश्न नगररचनेच्या दालनांतून पुष्कळदा विचारला जातो. त्यास मुंबईनेच २०१५ मध्ये उत्तर दिले आहे. महापालिकेने त्या वर्षी २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यावर ६५ हजारांच्या घरात हरकती व सूचना आल्या. उभ्या वास्तू आणि चालते रस्ते नकाशावर चुकीचे दाखविले गेल्याचे नागरिकांनी दाखवून दिले. अखेर एप्रिल २०१५ मध्ये शासनास तो आराखडा बाजूस सारून नव्याने काम करण्याचा आदेश द्यावा लागला, आणि सुधारलेल्या आराखड्यास २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. ज्या गल्लीतून माणूस रोज जातो, तिच्याविषयी त्यास नकाशापेक्षा अधिक माहिती असते. ती माहिती आरंभीच घेतली असती तर तीन वर्षांचा खटाटोप वाचला असता.

तथापि या प्रश्नाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. करंजाड्यापासून जवळच, खांदेश्वर व मानसरोवर स्थानकांबाहेरील मोकळ्या जागांवर प्रधानमंत्री आवास योजनेतील घरे बांधण्याचे सिडकोने ठरविले, तेव्हा तेथील रहिवाशांनी त्यास विरोध केला. वाहनतळाची व मोकळ्या मैदानाची त्यांची चिंता खोटी नव्हती. पण त्या घरांकडे डोळे लावून बसलेल्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाची गरजही खोटी नव्हती. अडचण ही, की हे कुटुंब त्या सभेत नसते. ज्यास घर मिळाले तो बोलतो. ज्यास मिळावयाचे आहे त्याचा पत्ताच नसल्यामुळे त्यास सूचनापत्र तरी कोठे पाठवावयाचे? आपल्या मागून दार लावून घेण्याची वृत्ती हाच जर लोकसहभाग, तर त्यापेक्षा अधिकाऱ्यांची मनमानी काय वाईट, असे कोणी म्हणेल. म्हणून भाडेकरू, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, रिक्षाचालक आणि मूळ गावठाणातील कुटुंबे यांस सदनिकाधारकांच्या शेजारी बसवूनच सभा भरली पाहिजे.

नगररचनेचा हा विचार परका नाही. सर पॅट्रिक गेडीस हे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. जुन्या वस्त्या सरसकट पाडण्याऐवजी घराघरांत हिंडून, जेथे जरूर तेथेच काटछाट करावी, असा त्यांचा आग्रह होता. इंदूरमध्ये प्लेगच्या भयाने लोक त्रस्त असता त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढली, आणि ज्या गल्ल्यांतून अधिक घरे स्वच्छ केली जातील त्यांतूनच ती जाईल असे जाहीर केले. नागरिकांनी शहर झाडून काढले! जे काम हुकमाने झाले नसते ते विश्वासाने झाले.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या सान्निध्यातील करंजाड्यावर नव्या घरांचा ओघ वाढणार हे सांगावयास ज्योतिषी नको. तो ओघ थांबवावा असे आमचे म्हणणे नाही; घरे हवीतच. आमची मागणी माफक आहे. प्रत्येक मोठ्या बांधकामाचा नकाशा मराठीत, सामान्य माणसास समजेल अशा रीतीने त्या जागेवरच लावावा. पाणी व मलनिःसारणाची तरतूद कोणत्या जलस्रोतातून, केव्हा होणार, हे परवानगीबरोबरच जाहीर करावे. सामाजिक सोयींसाठी वजा झालेल्या जमिनीचा सेक्टरवार हिशेब लोकांपुढे मांडावा. सुनावणी दूरच्या कार्यालयात भर दुपारी न घेता वस्तीतच, लोक कामावरून परतल्यावर घ्यावी. हरकत मान्य झाली नाही तर का झाली नाही, हे लेखी कळवावे. आणि या सर्वांस ठराविक मुदत असावी, म्हणजे विचारविनिमयाच्या नावाखाली गरजूंची घरे वर्षानुवर्षे खोळंबणार नाहीत.

यांतील एकाही गोष्टीस फारसा खर्च नाही. लागते ती केवळ नकाशावरील शाई वाळण्यापूर्वी तो लोकांपुढे उलगडण्याची तयारी. ‘गाव करी ते राव न करी’ हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. १९७० मध्ये गावास न विचारता रावाने काय केले आणि त्याचे मोल १९८४ मध्ये कोणी दिले, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांनी तरी करंजाड्यात तीच चूक पुन्हा करू नये.